कॅसेट बाद ठरवण्यापूर्वी फ्रेम्स कुठे गळतात ते पाहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या व्हिडिओ कॅसेटींवरील चित्रण संगणकावर उतरवून घेण्याविषयीचा लेख वाचला. घरोघरच्या कपाटांत लग्नामुंजींच्या, शाळांच्या स्नेहसंमेलनांच्या आणि हौशी नाट्यमंडळांच्या प्रयोगांच्या कॅसेटी पडून आहेत आणि त्या चालवणारी यंत्रे मात्र एकेक करून बंद पडत आहेत. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ च्या जुलैमध्ये व्हीसीआरचे उत्पादन थांबवले, तेव्हापासून नवे यंत्र विकत घेण्याचा प्रश्नच उरलेला नाही. अशा वेळी वर्तमानपत्राने हा विषय हाती घेतला याचे मनापासून स्वागत करतो. मात्र चित्र उतरवताना फ्रेम्स (चित्रण ज्या सुट्या चित्रांचे बनते ती) गळू लागल्या, म्हणजे ज्याला सगळे 'फ्रेम ड्रॉप होतात' असे म्हणतात ते घडू लागले, तर काय करावे याविषयी त्या लेखात एकच वाक्य होते: अधिक वेगवान संगणक घ्यावा. या एका वाक्याबद्दल लिहिणे मला भाग आहे. त्यावर विसंबून एखादे कुटुंब नव्या संगणकावर मोठी रक्कम खर्च करील, फ्रेम्स तरीही गळतच राहतील, आणि अखेर सगळे खापर कॅसेटवर फोडून ती भंगारात टाकली जाईल, अशी सार्थ भीती मला वाटते. व्हीसीआर आणि कॅमेरे दुरुस्त करण्यात माझे आयुष्य गेले आणि सध्या आमच्या गावच्या वाचनालयाकडे जमा झालेल्या कॅसेटी उतरवण्याचे काम मी पाहतो, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

प्रथम थोडे गणित मांडतो. आपल्याकडे दूरदर्शनने आणि त्यामुळे इथे विकल्या गेलेल्या बहुतेक व्हीसीआरनी पाल ही पद्धत वापरली. तिच्यात सेकंदाला २५ फ्रेम्स असतात आणि प्रत्येक फ्रेम दोन फील्ड्सची, म्हणजे एकाआड एक रेषांच्या दोन अर्ध्या चित्रांची, मिळून बनते. एकूण ६२५ रेषा असतात आणि त्यांपैकी ५७६ रेषांत प्रत्यक्ष चित्र असते. म्हणजे तासाला ९०,००० आणि तीन तासांच्या कॅसेटमध्ये २,७०,००० फ्रेम्स होतात. एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची असल्याने सुटी एखादी फ्रेम गळली तर कुणाच्या लक्षातही येत नाही. पण गळालेल्या फ्रेमच्या जागी संगणकाने दुसरी फ्रेम भरली नाही, तर चित्राची लांबी तेवढी कमी होते, आवाजाची होत नाही, आणि हा फरक साठत जातो. तीन-चार फ्रेम्स गेल्या की ओठ आणि शब्द जुळेनासे होतात. पंचवीस गेल्या की अख्ख्या सेकंदाचे अंतर पडते. लग्नाच्या चित्रणात याचा परिणाम फार वाईट दिसतो. अंतरपाट दूर होतो, वधूवर एकमेकांना हार घालू लागतात, आणि मंगलाष्टकांचे शेवटचे 'सावधान' त्यानंतर ऐकू येते. माणसे हे पाहतात आणि कॅसेट खराब झाली असे समजून गप्प बसतात.

इथे एक गोष्ट वेगळी काढली पाहिजे. फाइल चालवताना चित्र झटके देत असेल, तर फ्रेम्स गळाल्याच असतील असे नाही. मोबाइलवर किंवा जुन्या लॅपटॉपवर मोठी फाइल अडखळत चालते, दोन फील्ड्सचा क्रम उलटा लागला असेल तर हालचाल थरथरत दिसते, आणि उतरवतानाच फील्ड्स एकत्र करून टाकल्या असतील तर हालचालीतला सफाईदारपणा कायमचा जातो. या तिन्ही दोषांचा फ्रेम गळण्याशी संबंध नाही. म्हणून आधी फाइलमधील चित्राची लांबी आणि आवाजाची लांबी ताडून पाहावी, आणि एकच लहानसा भाग फ्रेमगणिक पुढे सरकवत पाहावा.

फ्रेम्स खरोखरच गळत आहेत असे दिसले, की दोष संगणकात आहे, कॅसेटमध्ये आहे की दोहोंच्या मधल्या वाटेवर आहे, हे ठरवण्यासाठी दोन साध्या चाचण्या पुरतात आणि त्यांना एक रुपयाही खर्च येत नाही. पहिली अशी की कॅसेटचा तोच भाग, तेच यंत्र आणि तीच जुळणी ठेवून पुन्हा उतरवावा आणि फ्रेम्स कोणत्या क्षणी गळाल्या हे दोन्ही वेळा टिपून ठेवावे. दोन्ही वेळा त्याच जागी गळत असतील तर कारण कॅसेटवरच्या सिग्नलमध्ये आहे. दर वेळी वेगळ्या जागी गळत असतील तर कारण बहुतेक करून संगणकात आहे. दुसरी चाचणी अशी की व्हीसीआर बाजूला ठेवून त्याच डोंगलला (व्हीसीआरचे चित्र संगणकात घेणाऱ्या यूएसबी उपकरणाला), त्याच केबलने, डीटीएचच्या जुन्या सेट-टॉप बॉक्सची किंवा डीव्हीडी प्लेअरची पिवळी-लाल-पांढरी पिन जोडावी आणि तासभर उतरवू द्यावे. डीव्हीडी घरी तयार केलेली असावी, कारण विकतच्या डीव्हीडींवर नक्कलविरोधी सिग्नल असू शकतो. ही उपकरणे अगदी स्थिर सिग्नल देतात. तासाभरात एकही फ्रेम गळाली नाही, तर तुमचा संगणक या कामाला पुरेसा आहे आणि नवा घेण्याचे कारण उरत नाही. माझ्याकडे 'कॉम्प्युटर कमी पडतो' अशी तक्रार घेऊन आलेल्यांपैकी बऱ्याच जणांचा प्रश्न या दुसऱ्या चाचणीतच निकालात निघाला आहे.

स्थिर सिग्नलवर सुरळीत चालणारा संगणक कॅसेट लावताच का अडखळतो, हे समजण्यासाठी व्हीसीआरच्या आत डोकवावे लागते. व्हीएचएस यंत्रात ६२ मिलिमीटर व्यासाचा ड्रम मिनिटाला १५०० फेरे घेत असतो आणि त्यावर बसवलेली दोन हेड्स टेपवरचे तिरकस पट्टे आळीपाळीने वाचतात. एक पट्टा म्हणजे एक फील्ड. चित्रातली प्रत्येक रेषा ६४ मायक्रोसेकंदांची असते आणि तिच्या आरंभी एक सिंक पल्स, म्हणजे रेषा सुरू झाल्याची खूण, असतो, तसाच प्रत्येक फील्डच्या आरंभी वेगळा, मोठा पल्स असतो. टेप ताणली गेली, कडेने चुरगळली, हेडवर मळ बसला, टेप ओढणारा पिंच रोलर गुळगुळीत होऊन टेप सरकू लागली, तर हे पल्स ठरल्या वेळी येत नाहीत. काही लवकर येतात, काही उशिरा, काही गळूनच जातात. जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही हे सांभाळून घेत असे. भजनात टाळाचा ठोका थोडा मागेपुढे झाला तरी मुरलेले टाळकरी पुढच्या ठोक्याला बरोबर जुळवून घेतात, तसे ते होते. डोंगलमधल्या चिपची रीत निराळी आहे. तिला फील्डचा आरंभ सापडला नाही, तर ती अख्खी फ्रेम टाकून देते किंवा संगणकाकडे काहीच पाठवत नाही. टीव्हीवर कॅसेट झकास दिसते आणि संगणकावर मात्र तुटते, या अनुभवाचे मूळ इथे आहे, आणि म्हणूनच 'टीव्हीवर तर नीट दिसते' हा कॅसेट निर्दोष असल्याचा पुरावा होत नाही.

आपल्याकडच्या लग्नांच्या कॅसेटींत तर हे जागोजागी घडते, आणि त्याचे कारण त्या कॅसेटी ज्या पद्धतीने तयार झाल्या त्यात आहे. ऐंशी-नव्वदच्या दशकांत खांद्यावरच्या मोठ्या कॅमेऱ्याने केलेले शूटिंग दुकानात नेऊन दोन व्हीसीआर समोरासमोर ठेवून जोडले जाई, मध्ये 'मिक्सिंग' होई, नावे आणि गाणी चढवली जात, आणि कुटुंबाच्या हाती पडे ती दुसऱ्या किंवा तिसऱ्या पिढीची प्रत. प्रत्येक पिढीत सिग्नल उतरत जातो. शिवाय जिथे एक प्रसंग संपवून दुसरा जोडला, तिथे सिंक पल्सची मालिका क्षणभर तुटते. सीमांतपूजनाचा प्रसंग संपून मंगलाष्टकांचा सुरू होतो त्या सांध्यावर चित्राचा वरचा भाग एका बाजूला झुकतो, एखादी आडवी पांढरी रेघ खाली सरकत जाते, आणि नेमक्या तिथे दोन-चार फ्रेम्स गळतात. फ्रेम्स अशा सांध्यांवर गळत असतील, तर प्रोसेसर बदला, मेमरी वाढवा, डिस्क बदला, काहीही फरक पडणार नाही. जे सिग्नलमधून आलेच नाही ते वेगवान संगणक कुठून आणणार?

अशा कॅसेटसाठी जे करायचे ते संगणकाच्या अलीकडे करायचे असते. टेप एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्यावी, म्हणजे वर्षानुवर्षे एकाच ताणात बसलेले वेढे सारखे होतात. ट्रॅकिंग आपोआप लागते त्यावर न थांबता हाताने जुळवून पाहावे. हेड साफ करताना आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि शॅमॉइस चामड्याची पट्टी वापरावी, पट्टी स्थिर धरून ड्रम हाताने आडवा फिरवावा, आणि वर-खाली कधीही घासू नये, कारण हेडचे टोक तेवढ्याने तुटते. कापसाच्या काडीचे तंतूही हेडमध्ये अडकतात. हे सारे करूनही सांध्यांवर फ्रेम्स गळतच असतील, तर व्हीसीआर आणि डोंगल यांच्यामध्ये टाइम बेस करेक्टर, म्हणजे पल्सची चुकलेली वेळ सुधारणारे उपकरण, लागतो. ज्या उंची व्हीसीआरमध्ये तो आतच असतो, तो बहुधा रेषांची वेळ सुधारतो, म्हणजे उभ्या कडा वाकड्या दिसायच्या थांबतात; पण फ्रेम्स गळणे थांबवायला अख्खी फ्रेम साठवून नव्या, नियमित पल्ससह बाहेर देणारे उपकरण हवे. ते स्वतंत्र मिळते, परंतु दुर्मीळ आणि महाग आहे. सामान्य घरासाठी व्यवहार्य तोडगा असा की जुन्या काळी टीव्हीवरचे कार्यक्रम थेट डीव्हीडीवर घेणारे जे रेकॉर्डर मिळत, त्यांपैकी काहींमधून सिग्नल नुसता आरपार नेला तरी तो बराच स्थिर होऊन बाहेर पडतो. पॅनासॉनिकचे ईएस-१० आणि ईएस-१५ हे रेकॉर्डर या कामासाठी जगभर शोधले जातात. डीव्हीडी लिहिणारा भाग बंद पडला असला तरी या उपयोगाला अडत नाही, म्हणून कुणाच्या माळ्यावर असा रेकॉर्डर असेल तर तो रद्दीवाल्याला देऊ नये अशी माझी कळकळीची विनंती आहे.

संगणकाचा दोष कधीच नसतो, असे मी मुळीच म्हणत नाही. वरील पहिल्या चाचणीत फ्रेम्स दर वेळी वेगळ्या जागी गळाल्या, किंवा सेट-टॉप बॉक्सवरूनही गळाल्या, तर संगणकाकडे वळावे. पण तिथेही वेगापेक्षा व्यवस्थेचा प्रश्न अधिक असतो. अजिबात न आवळलेले पालचे चित्र सेकंदाला सुमारे २०.७ एमबी, म्हणजे तासाला साधारण ७५ जीबी जागा घेते. यूएसबी २.० वरचे डोंगल हा प्रवाह ज्या पद्धतीने पाठवते, तिच्यात त्याला सेकंदाला जास्तीत जास्त २४.५ एमबीच्या आसपास वाट मिळते, आणि वाटेत गमावलेली माहिती पुन्हा मागून घेण्याची सोय त्या पद्धतीत नसते. डोंगल आपला हिस्सा आधी राखून ठेवते. त्याच हबवर बाहेरची हार्ड डिस्क लावली असेल तर तिला उरलेल्या जागेत लिहावे लागते, ती मागे पडते, मधला साठा भरतो आणि फ्रेम्स टाकल्या जातात. म्हणून डोंगल थेट संगणकाच्या मागच्या पोर्टला लावावे, हब किंवा लांब वाढीव केबल वापरू नये, आणि फाइल शक्यतो संगणकाच्या आतील दुसऱ्या डिस्कवर लिहावी. पेन ड्राइव्हवर थेट उतरवू नये. आरंभी ती वेगाने लिहिते आणि थोड्याच वेळात तिचा दम संपतो. ज्या डिस्कवर एफएटी-३२ पद्धत आहे तिथे ४ जीबीच्या पुढे एक फाइल जाऊच शकत नाही.

लॅपटॉपवर काम करणाऱ्यांनी तो विजेला जोडलेलाच ठेवावा, कारण बॅटरीवर प्रोसेसर आपला वेग उतरवतो. विंडोजमधील झोपी जाण्याची आणि यूएसबी पोर्टची वीज आपोआप तोडण्याची सेटिंग्ज बंद करावीत, अँटिव्हायरसला निदान फाइल जिथे लिहिली जाते ते फोल्डर वगळायला सांगावे, आणि ते फोल्डर क्लाउडशी आपोआप जोडलेले नाही याची खात्री करावी. नाहीतर कॅसेट चालू असतानाच अर्धवट फाइल इंटरनेटवर चढवण्याचा उद्योग मागे सुरू होतो. फ्रेम्स ठरावीक मिनिटांनी, जणू घड्याळ लावल्याप्रमाणे, एका झपाट्यात गळत असतील, तर असेच काहीतरी मागे चालू असते. चित्र उतरवतानाच ते छोट्या एमपी-४ फाइलमध्ये आवळण्याचा मोहही टाळावा. हफवाययूव्ही, लॅगरिथ किंवा एफएफव्ही-१ यांसारख्या, काहीही न गमावणाऱ्या पद्धतीने तासाला साधारण ३० ते ४० जीबीत काम भागते आणि दहा-बारा वर्षांपूर्वीचा संगणकही ते ओझे उचलतो. छोटी फाइल नंतर निवांतपणे तयार करता येते. एफएफव्ही-१ ही पद्धत खुली आहे, तिचे विवरण २०२१ मध्ये आरएफसी ९०४३ या तांत्रिक दस्तऐवजाच्या रूपाने प्रसिद्ध झाले आहे आणि जगातली अनेक संग्रहालये ती जतनासाठी वापरतात.

आता ज्या मुद्द्यावर सर्वांत जास्त गैरसमज होतो, त्याकडे येतो. संगणक दाखवतो तो गळालेल्या फ्रेम्सचा आकडा नेहमी खरा असतो असे नाही. व्हर्च्युअलडब या मोफत सॉफ्टवेअरमध्ये 'ड्रॉप्ड' आणि 'इन्सर्टेड' असे दोन आकडे असतात. दोन फ्रेम्सच्या मध्ये मोठी पोकळी दिसली की हे सॉफ्टवेअर आधीचीच फ्रेम पुन्हा भरते, म्हणजे आवाज जुळलेला राहतो. म्हणून 'ड्रॉप्ड' शून्य आणि 'इन्सर्टेड' शंभर असा निकाल आला, तर संगणकाने काही गाळले नाही, मात्र शंभर फ्रेम्स त्याच्यापर्यंत पोहोचल्याच नाहीत, असा त्याचा अर्थ घ्यावा लागतो. केवळ पहिला आकडा पाहून समाधान मानणे म्हणजे निम्मा हिशेब वाचणे होय. थेट प्रक्षेपणासाठी लोकप्रिय असलेल्या ओबीएस स्टुडिओमध्ये तर 'ड्रॉप्ड फ्रेम्स' हा आकडा इंटरनेटवरील प्रक्षेपणात गमावलेल्या फ्रेम्सचा असतो, कॅसेटवरून न आलेल्या फ्रेम्सचा नव्हे. आणि त्यात फ्रेम्सचा वेग ३० ठेवला असेल तर २५ ला ३० करण्यासाठी ते दर सेकंदाला पाच फ्रेम्स दोनदा दाखवते. ज्यांना ओबीएसच वापरायचे आहे त्यांनी निदान वेग २५ पालवर ठेवावा. इतकेच नव्हे, तर वर सांगितलेले फ्रेम साठवून पुढे देणारे उपकरणही सांधा आला की एखादी फ्रेम स्वतःच दोनदा देते किंवा वगळते, आणि संगणकाला त्याचा पत्ता लागत नाही. तरीही मी ते वापरण्याचा आग्रह धरतो, कारण एकच फ्रेम दोनदा दिसणे हे आवाज कायमचा मागे पडण्यापेक्षा कितीतरी पटींनी बरे. फक्त त्यानंतर आलेला शून्य हा कॅसेटवरील सर्व काही उतरल्याचा दाखला समजू नये.

आवाज जुळत नसल्याचे आणखी एक कारण आहे आणि त्यात एकही फ्रेम गळालेली नसते. चित्र डोंगलमधून आणि आवाज संगणकाच्या स्वतःच्या साउंड कार्डमधून घेतला, तर दोघांची घड्याळे निराळी असतात. ही घड्याळे चालवणारे दोन क्रिस्टल तंतोतंत सारखे कधीच नसतात. दहा हजारांत एक भाग एवढा फरक असला तरी तासाला ०.३६ सेकंदाचे अंतर पडते. यातली खूण सोपी आहे. अंतर पहिल्यापासून शेवटपर्यंत सारख्या गतीने वाढत असेल तर घड्याळांचा दोष, आणि एखाद्या जागी एकदम उडी मारून पडत असेल तर गळालेल्या फ्रेम्सचा. पहिल्यावर उपाय म्हणजे दोन्ही एकाच डोंगलमधून घेणे, किंवा आवाजाची लांबी नंतर चित्राशी जुळवून घेणे.

परदेशातून आलेल्या कॅसेटींविषयीही थोडे लिहितो, कारण आपल्याकडच्या कितीतरी घरांत अमेरिकेतल्या मुलांनी पाठवलेल्या नातवंडांच्या कॅसेटी आहेत. तिथली पद्धत एनटीएससी: ५२५ रेषा आणि सेकंदाला २९.९७ फ्रेम्स. आपल्याकडचे बरेच व्हीसीआर अशी कॅसेट चालवत, पण बाहेर जो सिग्नल देत त्यात रेषा आणि वेग एनटीएससीचे आणि रंग पालचे असा संकर असे, ज्याला पाल-६० म्हणतात. टीव्हीला तो चाले. डोंगल मात्र पाल बी (आपल्याकडचा पाल प्रकार) किंवा एनटीएससी यांपैकी एकावर लावलेले असते आणि दोन्हींवर अडखळते. ड्रायव्हरच्या यादीत पाल-६० असेल तर ते निवडावे, नसेल तर कॅसेट एनटीएससी जशीच्या तशी बाहेर देणाऱ्या यंत्रावर उतरवावी. याच्या उलट, आपली साधी पाल कॅसेट लावली आणि तरीही चित्र काळेपांढरे येऊन फ्रेम्सचा गोंधळ उडाला, तर सर्वांत आधी तीच यादी पाहावी. अनेक डोंगल खोक्यातून बाहेर येतात ते एनटीएससीवर लावलेले. शंका आली की तपासायला अर्धे मिनिट लागते.

कॅसेट उतरवून देण्याचा व्यवसाय करणाऱ्यांबद्दल माझी एक तक्रार आहे, आणि ती कुणा एकाबद्दल नसल्याने नाव घेत नाही. आमच्या वाचनालयाकडे एका नाट्यमंडळाने जी कॅसेट आणून दिली, ती आधी एका दुकानातून 'कन्व्हर्ट' करून घेतलेली होती. दुकानाने दिलेल्या फाइलमध्ये दुसऱ्या अंकापासून संवाद आणि ओठ यांचा मेळ नव्हता, आणि विचारणा केली तेव्हा 'टेपच खराब आहे' असे सांगून दुकानदाराने हात वर केले. हीच कॅसेट साफ केलेल्या यंत्रावर, मध्ये डीव्हीडी रेकॉर्डर ठेवून उतरवली, तेव्हा दोन्ही अंक शेवटपर्यंत जुळलेले मिळाले. त्या प्रयोगातले काही कलाकार आज हयात नाहीत, आणि मंडळाने दुकानदाराच्या शब्दावर विश्वासून मूळ कॅसेट टाकून दिली असती तर त्यांचा अभिनय पाहण्याचा एकमेव मार्ग बंद झाला असता. पैसे घेऊन काम करणाऱ्याने कॅसेट कोणत्या यंत्रावर चालवली, कोणत्या पद्धतीने उतरवली, किती फ्रेम्स गळाल्या आणि किती नव्याने भरल्या, एवढे चार तपशील बिलावर लिहून द्यावेत, ही अपेक्षा गैरवाजवी नाही. ग्राहकानेही ते मागून घ्यावेत आणि मूळ कॅसेट परत घेतल्याशिवाय दुकानातून निघू नये.

कॅसेट ठेवण्याविषयी कोकणातल्या आणि मुंबईतल्या वाचकांसाठी एक इशारा देतो. आपल्या दमट हवेत टेपवर बुरशी धरते. कॅसेटच्या खिडकीतून गुंडाळीच्या कडेवर पांढरी भुकटी किंवा जाळे दिसले, तर ती कॅसेट कोणत्याही यंत्रात घालू नये. बुरशी हेडवर चढते, तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते, आणि मग चांगल्या कॅसेटमधूनही फ्रेम्स गळू लागतात. अशी टेप आधी कोरड्या जागी वाळवून, स्वतंत्र यंत्रावर, तोंडाला मास्क बांधून साफ करावी लागते आणि हे काम सरावाच्या माणसाकडेच द्यावे. बाकीच्या कॅसेटी उभ्या ठेवाव्यात आणि उतरवण्याचे काम दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत करावे. भर पावसाळ्यात थंड यंत्रावर दव धरते आणि टेप ड्रमला चिकटते.

या कामाला मुदत आहे, हे जगातल्या जाणत्या संस्था कित्येक वर्षे सांगत आल्या आहेत. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहालयाने चुंबकीय टेपवरचे साहित्य उतरवून घेण्यासाठी २०२५ हे वर्ष मुदत म्हणून जाहीर केले होते, आणि ती मुदत केवळ टेप कुजतात म्हणून घातलेली नव्हती. यंत्रे, त्यांचे सुटे भाग आणि ती हाताळणारी माणसे संपत चालली आहेत, हे तिचे मोठे कारण होते. आपल्याकडे पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने चित्रपटांसाठी १९६४ पासून जे काम केले, तसे घरगुती आणि संस्थांच्या व्हिडिओ कॅसेटींसाठी करणारी व्यवस्था जिल्ह्याच्या गावी नाही. जिल्हा ग्रंथालयांनी आणि महाविद्यालयांनी दुरुस्त केलेला एक व्हीसीआर, एक चांगले डोंगल, एक डीव्हीडी रेकॉर्डर आणि वापरातून बाद झालेला एखादा संगणक एवढे जमवले तरी तालुक्यातल्या नाट्यमंडळांचे, शाळांचे आणि गणेशोत्सव मंडळांचे साहित्य वाचू शकते. यात नव्या संगणकाचा खर्च कुठेही येत नाही. खर्च येतो तो कॅसेटसमोर पूर्ण वेळ बसणाऱ्या माणसाच्या वेळेचा, कारण तीन तासांची कॅसेट तीन तासांपेक्षा कमी वेळात उतरवण्याचा मार्ग आपल्या यंत्रांवर नाही.

आपल्या पुरवणीत या लेखाचा पुढचा भाग येणार असल्याचे सूचित केले आहे. त्या भागात निदान वरील दोन चाचण्या, म्हणजे तोच भाग पुन्हा उतरवून पाहणे आणि सेट-टॉप बॉक्स लावून पाहणे, ठळकपणे छापाव्यात आणि वेगवान संगणकाचा सल्ला त्यानंतर द्यावा, अशी नम्र विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक, जिल्हा रत्नागिरी